पेरणीआधीचा हिशेब

लातूरच्या बाजारात 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांच्या पुढचा भाव पाहिला. 2024 च्या दिवाळीत तेच सोयाबीन चार ते साडेचार हजारांना विकावे लागले. त्या वर्षीचा हमीभाव 4,892 रुपये होता. या काळात मजुरी, डिझेल आणि काढणीचे उक्ते मात्र वाढतच राहिले. सोयाबीनचा भाव पेंडीची निर्यात आणि खाद्यतेलावरील आयात शुल्क यांवर हलतो. कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये 27.5 टक्क्यांवर नेले आणि मे 2025 मध्ये 16.5 टक्क्यांवर आणले. या निर्णयांवर आपला ताबा नाही. एक क्विंटल पिकवायला किती खर्च येतो आणि हातात रोकड नेमकी कोणत्या महिन्यात लागते, या दोन गोष्टींवर मात्र बराचसा ताबा ठेवता येतो, आणि त्यांचा निकाल पेरणीच्या आधीच लागतो. मराठवाडा-विदर्भातील सोयाबीन, तूर आणि हरभरा घेणाऱ्या पाच एकरांच्या कोरडवाहू कुटुंबासाठी हा क्रम मांडला आहे. उदाहरणांतील रकमा समजण्यापुरत्या आहेत. आपल्या गावचे दर घालून त्या बदलून घ्याव्यात.

1. शेताची वही घराच्या वहीपासून वेगळी ठेवा

दोनशे पानी एक वही पुरते. डाव्या पानावर गेलेले पैसे, उजव्या पानावर आलेले. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, पीक आणि गट क्रमांक लिहावा. किराणा, शाळेची फी, दवाखाना आणि लग्नाचे आहेर या वहीत येऊ नयेत. त्यांना दुसरी वही असावी. शक्य असल्यास बँकेची खातीही दोन ठेवावीत. नोंद घरातील ज्या व्यक्तीकडून रोज होईल तिच्याकडेच हे काम द्यावे. अनेक घरांत हे काम गृहिणी किंवा शाळेत जाणारी मुलगी अधिक नेटाने करते. पावत्या मागच्या पानाला टाचून ठेवा. बियाणे उगवले नाही तर तक्रार करताना पावतीच विचारली जाते.

2. क्विंटलमागे खर्च काढा

एकरी खर्च बहुतेकांना तोंडपाठ असतो. निर्णयासाठी त्याहून उपयोगी आकडा म्हणजे क्विंटलमागचा खर्च, कारण बाजारातील भाव क्विंटलचा असतो. एक एकर सोयाबीनचे उदाहरण पाहू. मशागत 2,500, बियाणे 3,000, खत 2,400, पेरणी 1,000, तणनाशक व खुरपणी 2,600, फवारणी 2,500, काढणीचे उक्ते 4,000, मळणी 1,800, वाहतूक व बाजारखर्च 1,200. एकूण 21,000 रुपये. एकरी सहा क्विंटल झाले तर क्विंटलमागे 3,500 रुपये रोख खर्च पडला. पाच क्विंटल झाले तर 4,200, आणि आठ झाले तर साधारण 2,625. (उतारा बदलला की मळणी-वाहतूक थोडी बदलते, पण अंदाजाला हे पुरेसे आहे.)

यात घरच्या माणसांचे कष्ट धरलेले नाहीत. घरच्यांचे पंधरा दिवस 400 रुपये रोजाने धरले तर आणखी 6,000 येतात आणि सहा क्विंटलच्या उताऱ्यावर खर्च 4,500 वर जातो. अशा वेळी 4,300 ला माल विकला तर एकरी 4,800 रुपये हातात उरलेले दिसतात, प्रत्यक्षात घरच्यांची 1,200 रुपयांची मजुरी बुडालेली असते. केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगही असे थर वेगळे मोजतो. प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च म्हणजे ‘ए-टू’. त्यात कुटुंबाच्या श्रमाचे मोल मिळवले की ‘ए-टू अधिक एफएल’ होतो, आणि त्याच्या किमान दीडपट हमीभाव दिल्याचे सरकार सांगते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही धरले की ‘सी-टू’ होतो. आपण पहिले दोन आकडे दरवर्षी काढावेत. रोख खर्चाचा आकडा या वर्षी तग धरता येईल का ते सांगतो. श्रम धरलेला आकडा हे पीक पुढेही ठेवावे का ते सांगतो.

हाच हिशेब मेमध्ये प्रत्येक पिकासाठी तीन उताऱ्यांवर करावा: मागील पाच वर्षांतला वाईट, मधला आणि चांगला. भाव धरताना मागच्या हंगामातला आपल्या बाजार समितीचा प्रत्यक्ष भाव घ्या. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 आणि तुरीचा 8,000 रुपये आहे, पण खरेदी केंद्रावर नोंदणी होऊन माल घेतला जाईपर्यंत तो आकडा हिशेबात धरू नये.

3. खर्च कुठे कमी करावा आणि कुठे करू नये

बियाणे. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे वापरता येते. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवून काढलेले, पोत्यांची उंच थप्पी न लावता साठवलेले बियाणे चांगले उगवते, कारण त्याचे टरफल नाजूक असते. मेमध्ये शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. पाच-सात दिवसांत सत्तर किंवा अधिक दाण्यांना निरोगी कोंब आले तर एकरी 30 किलोचे प्रमाण पुरते. घरचे बियाणे 50 रुपये किलोने धरले तरी एकरी 1,500 रुपये वाचतात, म्हणजे सहा क्विंटलच्या उताऱ्यावर क्विंटलमागे 250 रुपये. भावात एवढी वाढ व्हायला महिनोन् महिने वाट पाहावी लागते. रुंद वरंबा सरी यंत्राने पेरल्यास बियाणे आणखी कमी लागते आणि अतिवृष्टीत पाण्याचा निचराही होतो.

खत. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र घेतात, त्यामुळे पीक उभे असताना पुन्हा पुन्हा युरिया देण्याची गरज नसते. विद्यापीठाच्या शिफारशीत एकरी साधारण 12 किलो नत्र, 24 किलो स्फुरद आणि 12 किलो पालाश येतो. डीएपीच्या एका गोणीतून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद मिळतो. सिंगल सुपर फॉस्फेट वापरले तर स्फुरदासोबत गंधकही मिळते आणि तेलबियांना ते हवे असते. गोणीची किंमत न पाहता एक किलो स्फुरद कितीला पडतो ते काढून तुलना करा. युरिया किंवा डीएपी हवे असल्यास दुसरी बाटली घ्यावीच लागेल असे दुकानात सांगितले, ज्याला ‘लिंकिंग’ म्हणतात, तर ती सक्ती बेकायदा आहे. पक्के बिल मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

पेरणीची वेळ. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणी म्हणजे वरील उदाहरणात एकरी 4,000 रुपयांचा फटका, तोही जूनमध्ये, जेव्हा रोकड सर्वांत कमी असते.

खर्च वाचवायचा नाही तो बीजप्रक्रिया, पहिल्या महिन्यातील तणनियंत्रण आणि वेळेवर काढणी यांवरचा. इथे वाचवलेले शंभर रुपये उताऱ्यातून हजाराने जातात.

4. महिन्यांचा तक्ता करा

एका कागदावर मे ते एप्रिल असे बारा रकाने आखा. वरच्या उदाहरणात जुलैच्या मध्यापर्यंत एकरी 11,500 रुपये जातात, पाच एकरांना 57,500. ऑगस्टमध्ये फवारणी. मग ऑक्टोबरमध्ये काढणी, मळणी आणि वाहतुकीला एकरी 7,000, म्हणजे 35,000 रुपये, आणि ते सोयाबीनचा पहिला रुपया हातात येण्याआधी.

या 35,000 रुपयांकडे फार थोडे लोक मेमध्ये पाहतात. खळ्यावरूनच ओला माल व्यापाऱ्याला देण्याचे खरे कारण अनेकदा हेच असते: मजूर आणि मळणीवाला समोर उभे आहेत, शेजारच्या रानात हरभऱ्याची पेरणी वाट पाहते आहे, दिवाळी आठ दिवसांवर आहे. ऑक्टोबरची तरतूद मेमध्ये केलेल्या शेतकऱ्याला विकण्याची घाई नसते. पीककर्जाचा एक भाग, शेळ्या किंवा दुधाचे पैसे, तसेच पीएम-किसान आणि नमो शेतकरी योजनांचे वर्षाचे मिळून 12,000 रुपये यांतून ही रक्कम आधीच बाजूला काढण्याचा प्रयत्न करावा. शाळेची फी, विजेचे बिल, आधी ठरलेले लग्न हेही तक्त्यात त्या-त्या महिन्यात लिहा. ज्या रकान्यात तूट दिसेल तिचा बंदोबस्त त्याच्या दोन महिने आधी करायचा आहे.

5. पीककर्ज वेळेत आणि पूर्ण घ्या

किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के व्याज लागते; मुदतीत फेडल्यास केंद्राची 3 टक्के सवलत मिळते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडणाऱ्याला हे व्याज शून्यावर येते. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. मर्यादा ठरवताना पिकाच्या हेक्टरी कर्जदराखेरीज काढणीपश्चात व घरखर्चासाठी 10 टक्के आणि अवजारांच्या देखभालीसाठी 20 टक्के रक्कम धरण्याची तरतूद आहे. आपल्या मर्यादेत ती धरली आहे का, हे शाखेत विचारा.

हे खाते फिरते असते. काढलेल्या रकमेवरच व्याज लागते. म्हणून जूनमध्ये सगळी रक्कम काढून घरात ठेवू नका. ऑक्टोबरचा वाटा खात्यातच राहू द्या. फेडीची शेवटची तारीख बँकेकडून लेखी घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ती एका दिवसाने चुकली तरी सवलत जाते. ‘नवे-जुने’ करताना, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलताना, चार दिवसांसाठी कोणाकडून किती व्याजाने पैसे घेतले हेही खर्चात लिहा.

6. उधारीचे खरे व्याज काढा

कृषी सेवा केंद्रात रोखीने 3,000 ची बियाण्याची पिशवी उधारीवर 3,300 ला मिळते आणि पैसे नोव्हेंबरात द्यायचे असतात. पाच महिन्यांना 10 टक्के म्हणजे वर्षाला 24 टक्के व्याज झाले. शेकड्याला तीन रुपये महिना या दराने 50,000 रुपये आठ महिने वापरले तर 12,000 रुपये व्याज होते. तेवढ्याच पैशाला बँकेचे 7 टक्क्यांनी सुमारे 2,300. फरक 9,700 रुपयांचा, म्हणजे 4,300 च्या भावाने सव्वादोन क्विंटल सोयाबीन. उधारी देणाराच आपला माल घेणार असेल तर भाव ठरवण्याची मोकळीकही जाते, आणि हा तोटा कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

गावातील बचत गटाचे कर्ज दुकानाची उधारी आणि सावकार या दोहोंपेक्षा बहुधा स्वस्त पडते. परवाना नसलेल्या सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाच्या कलम 18 खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. पैसे घेताना कोऱ्या कागदावर किंवा मुद्रांकावर सही करू नये, कितीही निकड असली तरी.

7. कागदपत्रे वेळेत पूर्ण करा

शेतकरी ओळख क्रमांक, आधार जोडलेले बँक खाते आणि ई-पीक पाहणीची नोंद या तिन्ही गोष्टी विमा, हमीभाव खरेदी आणि नुकसानभरपाई यांसाठी लागतात. राज्यातील एक रुपयाचा पीकविमा बंद झाला असून खरीप 2025 पासून खरिपाच्या पिकांना विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. सोयाबीनचा विमा उतरवावा असे माझे मत आहे. भरपाई मात्र महसूल मंडळातील पीककापणी प्रयोगांच्या सरासरीवर ठरते, आपल्या एकट्याच्या शेतावर नाही. म्हणून विम्याची संभाव्य रक्कम महिन्यांच्या तक्त्यात उत्पन्न म्हणून कधीही लिहू नका.

8. विक्री तीन भागांत करा

आधी ओलावा. खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. 15 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल 12 टक्क्यांपर्यंत सुकवला तर साधारण 96.6 किलो भरतो, म्हणजे 4,300 च्या भावाने वजनातून सुमारे 146 रुपये जातात. ओला माल म्हणून व्यापारी याहून जास्त कापत असेल तर दोन-तीन दिवस ऊन देणे फायद्याचे. कमी कापत असेल तर तसाच विकावा. गावात दहा जणांनी मिळून एक ओलावामापक घेतला तर काट्यावर वाद घालण्याची वेळ येत नाही. चाळणी मारून माती-काडी काढणेही घरीच करावे.

मग भाग. पहिला भाग मजुरी, मळणी आणि तातडीची देणी भागतील एवढाच विका. दुसऱ्या भागासाठी हमीभाव केंद्रावर नोंदणी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसांत नाव लावा, कारण खरेदीला मर्यादा आणि मुदत असते. तिसरा भाग साठवा, पण हिशेब करून.

कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना राबवणाऱ्या बाजार समितीत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. राज्य वखार महामंडळाच्या गोदामातील पावतीवरही बँका कर्ज देतात. 4,300 च्या भावाने वीस क्विंटल ठेवले तर 64,500 रुपये मिळतात आणि चार महिन्यांचे व्याज 1,290 होते, क्विंटलमागे 65 रुपयांच्या आत. भाडे, हमाली आणि वजनातील घट मिळून आणखी शंभर धरा. म्हणजे चार महिन्यांत भाव 165 रुपयांहून जास्त वाढला तरच साठवण फळली. साठवतानाच एक भाव आणि एक तारीख वहीत लिहून ठेवा; दोहोंपैकी जे आधी येईल तेव्हा माल विका. 2021 चा भाव परत येईल म्हणून दोन-दोन वर्षे माल धरून ठेवलेली घरे मराठवाड्यात बरीच आहेत, आणि त्यांचे नुकसान पाहवत नाही. तुरीला हाच नियम, फक्त कीड लागण्याचा धोका अधिक, म्हणून ती नीट वाळवून हवाबंद पिशवीतच ठेवावी.

9. यंत्र आणि ठोक्याची जमीन

सहा लाखांचे ट्रॅक्टर कर्ज सात वर्षांसाठी 10 टक्क्यांनी घेतले तर वर्षाला सुमारे सव्वा लाखाचा हप्ता बसतो, डिझेल आणि दुरुस्ती वेगळी. पाच एकरांची खरीप-रब्बीची सगळी कामे भाड्याने करून घेतली तर 35,000 ते 40,000 रुपये लागतात. उरलेले भाड्याचे काम गावात खरोखर मिळणार असेल, चालक घरचा असेल, तरच हा विचार करावा. महाडीबीटीवरील अनुदान सहसा खरेदीनंतर खात्यावर येते. तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. जमीन ठोक्याने घेतानाही असेच करा. एकरी 12,000 ठोका आणि 21,000 खर्च म्हणजे 33,000, आणि 4,300 च्या भावाने तेवढे भागायलाच पावणेआठ क्विंटल सोयाबीन हवे. हरभऱ्याला पाणी नसेल तर ती जमीन सोडून द्यावी.

10. कर्ज आधीच थकले असेल तर

सगळी देणी एका पानावर लिहा: कोणाचे, किती, कोणत्या दराने, तारण काय. फेड व्याजदराच्या उतरत्या क्रमाने करा. शेकडा तीन-चारचे आधी, बँकेचे नंतर. पण पीककर्ज थकीत होऊ देऊ नका, कारण ते गेले की पुढच्या वर्षी पुन्हा सावकाराच्या दारात जावे लागते. नैसर्गिक आपत्तीत 33 टक्के किंवा अधिक नुकसान झाल्याचे शासनाने जाहीर केले तर बँका पीककर्जाचे मुदत कर्जात पुनर्गठन करू शकतात. त्यासाठी मुदत संपण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकरकमी तडजोड हा शेवटचा मार्ग. त्याने पतनोंद बिघडते आणि नवे कर्ज मिळणे अवघड होते. दागिने मोडायचे झाले तर सावकाराचे देणे संपवण्यासाठी मोडा, नव्या बोअरसाठी नको.

हे पान घरातील मोठ्या माणसांना सर्वांना दाखवा. आकडा एकट्याने मनात ठेवला की तो असतो त्याहून मोठा वाटू लागतो. झोप उडाली असेल, मनात टोकाचे विचार येत असतील तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत, विनामूल्य, कोणत्याही वेळी बोलता येते. पिकाविषयी सल्ला हवा असल्यास किसान कॉल सेंटरचा क्रमांक 1800-180-1551 आहे.

11. पाडव्याला वही बंद करा

सालगड्याचे साल जसे पाडव्याला बदलते तसा शेताचा हिशेबही तेव्हाच बंद करावा. तूर-हरभरा तोवर घरात आलेला असतो. प्रत्येक पिकाचा उतारा, क्विंटलमागचा रोख खर्च आणि मिळालेला सरासरी भाव एका ओळीत लिहा. घरच्या श्रमाचे मोल सलग तीन वर्षे न निघालेल्या पिकाचे क्षेत्र एक एकराने कमी करून पाहा. ते सगळेच एकदम मोडू नका, कारण नव्या पिकाचा उतारा आणि बाजार दोन्ही शिकायला एक-दोन हंगाम लागतात. सोयाबीनमध्ये तुरीच्या चारास दोन अशा ओळी नसतील तर सुरुवात तिथूनच करावी. सोयाबीन हातचे गेले तरी तूर जानेवारीत काही ना काही देते.

वर्ष चांगले गेले असेल तर उरलेल्या पैशांतून आधी पुढच्या खरिपाच्या बियाण्या-खताची रक्कम मुदत ठेवीत ठेवा, पाच एकरांना 27,000 रुपये. ठेवीची मुदत मेअखेर संपेल अशी धरा. घराचा स्लॅब आणि मोटारसायकल त्यानंतर.